अनुभव सांगा: गाडीची शीट घरीच खोलताना तुमचं काय हरवलं, काय सापडलं?

धुऱ्यावरून
काल पोळ्याची कर होती. घरी आता बैल नाहीत, म्हणून लेकानं मोटारसायकलच धुऊन काढली आणि पाइपाचं पाणी नेमकं शीटखाली घातलं. संध्याकाळी मागचा लाइट बंद. म्हटलं शीट खोलून वायरींचे जोड पुसून घेऊ. मागचे दोन बोल्ट काढले, शीट मागे ओढून उचलली, तर आत उंदरानं संसार मांडलेला. सरकीची टरफलं, माझ्याच बनियनच्या चिंध्या आणि मधोमध कापसाचा मऊ गोळा. तो कापूस दिसला आणि माझा हात आपोआप खिशावर गेला. बोल्ट आहेत ना?

ही खोड १९९८ पासूनची. दिवाळी नुकतीच झाली होती, मी आठवीत. बाबांची काळी सीडी हंड्रेड, गावात तेव्हा सगळ्या मिळून तीनच मोटारसायकली. बैठकीच्या खोलीत पहिल्या-दुसऱ्या वेच्याचा कापूस आढ्यापर्यंत भरलेला, आम्ही पोरं त्याच्यावरच झोपायचो. गाडी दाराच्या आत, ढिगाला खेटून उभी. घरी कोणी नाही पाहून मी शीट खोलली. बिघाड वगैरे काही नव्हता. शीटखाली काय असतं एवढंच पाहायचं होतं. पाहिलं (काही नसतं, धूळ आणि एक मळकं फडकं), परत लावायला गेलो तर बोल्ट गायब.

मला वाटलं आता पाठ सुजते. पण बाबा माझ्याकडे बघेनातच, कापसाकडे बघत उभे राहिले. तरुणपणी त्यांनी दोन हंगाम जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करतात त्या कारखान्यात, काम केलं होतं. कापसात लोखंड गेलं आणि ते रेचाईच्या मशीनमध्ये सापडलं की ठिणगी उडते, आणि रुईला ठिणगी लागली की बादल्या आणेपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्यांनी एक आग डोळ्यांनी पाहिली होती. मग काय, आई, आजी, मोठे बाबा (बाबांचे थोरले भाऊ), काकू, सगळे बसले. मूठमूठ कापूस झाडायचा आणि अंगणात ताडपत्रीवर टाकायचा. मी फुटक्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून ढिगात फिरवत होतो. त्याला ब्लेडचा तुकडा लागला आणि आजीची हरवलेली गोधडीची सुई. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बोल्ट मिळाला. दुसरा मिळालाच नाही.

बाबांनी कापूस विकताना स्वतःहून सांगितलं की ह्यात एक बोल्ट असू शकतो. घेणाऱ्यानं लगेच भाव पाडला. तो बोल्ट मला अजून स्वप्नात दिसतो.

तुमचंही लिहा.

पऱ्हाटी
आगागागा. खरं सांगितलं म्हणून भाव पडला. तुमच्या बाबाले नमस्कार सांगजा.

खटारा_२२
पहिली गोष्ट, बोल्ट खिशात ठेवायचाच नसतो भाऊ. काढला की शीट बाजूला ठेवायची आणि तोच बोल्ट त्याच भोकात दोन आटे फिरवून लावून ठेवायचा. वायसरसकट. जातो कुठं मग? आमच्या मिस्त्रीनं पहिल्या दिवशी हेच शिकवलं, पाना हातात द्यायच्या आधी.

दुसरं. परत लावताना शीटच्या पुढच्या टोकाची जीभ टाकीमागच्या खाचेत गेली का ते हातानं चाचपून पाहायचं. नुसतं वरून दाबलं तर शीट बसल्यासारखी वाटते, बोल्टही लागतात. मग पहिल्या गतिरोधकावर मागचा माणूस पुढच्याच्या मांडीत.

वेणूताई_दर्यापूर
मांडीत वरून आठवलं. माझ्या लग्नानंतर पहिल्याच रविवारी ह्यांनी घरी गाडी "सर्व्हिसिंग" केली आणि मला माहेरी सोडायला निघाले. जीभ बसलीच नव्हती. नाल्याच्या उतारावर ब्रेक मारला तर शीट माझ्यासकट टाकीवर चढली. डब्यातल्या करंज्यांचा चुरा. माझ्या आईनं चुऱ्याला काही म्हटलं नाही, फक्त येताना ह्यांना म्हणाली, "जावईबापू, परत एसटीनं जा."

पऱ्हाटी
😂😂 ताई

अकोटचा_बंड्या
पण मुळात शीट खोलायची कायले? माह्या स्प्लेंडरची बॅटरी साइडच्या झाकणामागं हाये. किल्ली लावा, झाकण काढा, झालं. फिल्टरसाठीबी शीट काढा लागत नाई. लोकं उगाच खोलत बसतात राजेहो.

खटारा_२२
@बंड्या टाकी उतरवायची असली तर? टाकीचा मागचा बोल्ट शीटच्या पोटात असतो. आधी शीट, मग टाकी. टाकी काढल्याशिवाय वरची वायरिंग दिसत नाही. बाकी गाडीगाडीवर आहे, कोणाची बॅटरी शीटखाली, कोणाची बाजूला. पानाही कोणाला दहाचा, कोणाला बाराचा. चालेल म्हणून पकडीनं फिरवू नका, बोल्टाचं डोकं गोल होतं आणि मग छिन्नी-हातोडा.

काळी_माती
आमचं उलटं झालं. हरवलं नाही, सापडलं. वडील पैसे कुठं ठेवतील त्याचा नेम नव्हता. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा आईनं घरातले सगळे डबे पालथे घातले, धान्याची कोठीसुद्धा. २०१८ च्या दसऱ्याला पूजेआधी मी शीट खोलून आतला गाळ काढत होतो. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेल्या, रबर लावलेल्या पाचशेच्या सहा नोटा. जुन्या. वडील तोपर्यंत गेले होते.

आईनं त्या परत तशाच गुंडाळून शीटखाली ठेवायला लावल्या. गाडी आहे अजून.

वेणूताई_दर्यापूर
🙏

सातबारा_उतारा
माझं नाव बघा आणि ओळखा. जुनी गाडी विकली, पोरगा पैसे देऊन घेऊन गेला. आठ दिवसांनी त्याचा फोन, "काका, शीटखाली तुमचा सातबारा आहे अन् काकूचं पासबुक." मी तोवर तलाठ्याकडे तीन चकरा मारल्या होत्या. पोरगा चांगला, पन्नास किलोमीटर आणून देतो म्हणाला. मी म्हटलं पेट्रोल कोण टाकेल? तर म्हणे गाडी तुमचीच होती, तुम्हीच टाका.

मास्तरीण
स्कूटीवाल्यांचं चालेल का? डिक्कीत किल्ली टाकली आणि शीट खटकन बंद. जिल्हा परिषदेची शाळा, गावात मिस्त्री नाही, चार वाजलेले, आभाळ भरून आलेलं. शिपाईदादा म्हणाले तोडतो. मी म्हटलं थांबा. शीटच्या मागच्या कोपऱ्याला दोघांनी जोर लावून वर ओढलं की बोटभर फट पडते. दुसरीतला सर्वात किडकिडीत पोरगा बोलावला. कोपरापर्यंत हात आत, गाल शीटला चिकटलेला, डोळे मिटून चाचपतोय आणि आम्हाला सांगतोय, "बाई, पाण्याची बाटली लागली. बाई, कंगवा. बाई, हे काय आहे?" सगळ्या शाळेसमोर माझ्या डिक्कीची यादी वाचून झाल्यावर किल्ली निघाली.

आता तो पोरगा सहा फूट आहे, कृषी सेवा केंद्रात असतो. मला बघितलं की हात वर करून दाखवतो.

अकोटचा_बंड्या
मास्तरीण बाई कोणत्या तालुक्यात होत्या?

मास्तरीण
तेव्हा दारव्हा. आता निवृत्त, यवतमाळला.

धुऱ्यावरून
अरे वा, आमचं गाव दारव्ह्यापासून बारा किलोमीटर. शकुंतलेनं, त्या छोट्या रेल्वेनं, जायचात का कधी?

मास्तरीण
मूर्तिजापूरला नणंद होती ना. गाडी इतकी निवांत की मधे उतरून बोरं वेचून परत चढता यायचं असं सासरे म्हणायचे. मी काही उतरले नाही बाई.

सातबारा_उतारा
शकुंतलेची शीट मात्र कोणी खोलू शकलं नाही. लाकडी होती 😄

ढोरकी
सापाचं कोणी लिहिलं नाही अजून? मीच लिहितो. श्रावणात गाडी गोठ्यात लावत जाऊ नका बाप्पा. बेंडकं येतात, पाली येतात, मग त्याईच्या मागं पावणा येते. मी शीट उचलली तं बॅटरीच्या बाजूले वेटोळं. काया रंग, पांढरे पट्टे. मी शीट तिथंच सोडून धुऱ्यापर्यंत पयालो, एक चप्पल अजून सापडली नाई. पोट्टे म्हणे मण्यार हाये, मारा. मी म्हटलं कोणी हात लावू नका. सर्पमित्र आला, म्हणे हा कवड्या हाये, बिनविषारी, पाली खाते. मण्यारीसारखाच दिसते म्हणून लोकं मारतात बिचाऱ्याले. त्यानं डब्यात भरून नेला. पण आपल्याले अंधारात ओळखू येते का? तवापासून मी शीट उचलायच्या आधी पान्यानं टाकीवर दोनदा ठोकतो. दार वाजवल्यासारखं.

पऱ्हाटी
आतून कोणी "कोण हाये" म्हटलं तर?

ढोरकी
तं एसटीनं जायचं.

विजेचा_खांब
बॅटरीवरून एक सांगतो, हसण्यावारी नेऊ नका. शीट उघडून बॅटरी काढायची असेल तर आधी मायनस सोडायचा, मग प्लस. लावताना आधी प्लस, मग मायनस. कारण गाडीची सगळी चेसी मायनसला जोडलेली. मायनस जागेवर असताना प्लस सोडायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक चेसीला टेकलं की शॉर्ट. माझ्या चुलतभावाच्या हातातला पाना जागेवर चिकटला, लाल झाला. बोटाला अजून वळ आहे.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं पीठ जमतं, ते तोंडानं फुंकू नका, डोळ्यात जातं. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, वर व्हॅसलीन. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड पाणी दोन रेघांच्या मधे. बोअरचं पाणी नाही!! आमच्याकडचं बोअरचं पाणी किती खारं आहे ते किटलीच्या बुडाला विचारा.

खटारा_२२
आणि फ्यूज उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे वीर इथं असतीलच. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. चांदी लावली की फ्यूजऐवजी वायर जळते.

अकोटचा_बंड्या
मले काऊन पाहून राह्यले सगळे

मास्तरीण
पाहत नव्हतो, आता पाहतोय.

पऱ्हाटी
डीएपी खत भेटून राह्यलं का कोणाकडं? आमच्या इकडं रांग हाये.

ढोरकी
नाई. सोबत दुसरं काई घ्या म्हणतात.

काळी_माती
फोम भिजतो त्यावर कोणाकडे उपाय आहे का? रेग्झिनला शिवणीवर चीर गेलीय. वरून कोरडी दिसते, बसलं की पाणी वर येतं. ऑफिसात रोज पॅन्टवर भारताचा नकाशा.

वेणूताई_दर्यापूर
खताचं रिकामं पोतं, आतली प्लास्टिकची थैली काढून शीटवर बसवा, वर कव्हर. आधी शीट खोलून दोन दिवस उन्हात उलटी ठेवा पण. ओला फोम तसाच झाकला तर वास येतो, मग कुत्रीसुद्धा जवळ येत नाहीत. आमच्याकडे शीट सज्ज्यावर वाळत होती तर सासूबाईंना वाटलं पाट आहे, त्याच्यावर कुरड्या घातल्या.

बीएस_सहा
उंदराचं हलक्यात घेऊ नका @धुऱ्यावरून. जुन्या गाडीत चार वायरी, मिस्त्री टेप मारून देतो. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत शीटखाली सेन्सरांच्या वायरींचं जंजाळ असतं. माझ्या गाडीची एकच वायर कुरतडली, गाडी सुरूच होईना, खर्च विचारू नका. आता महिन्यातून एकदा शीट खोलून बघतो. कापूस घरात असेल त्या महिन्यात दर रविवारी. डांबरगोळ्या ठेवून पाहिल्या, उंदरानं त्या बाजूला सारून घर केलं.

धुऱ्यावरून
मंडळी, थांबा. आत्ता आईला फोन केला होता, म्हटलं धागा वाचून दाखवतो. बोल्टाची गोष्ट आली तशी आई हसायला लागली. हसतेय, खोकतेय, हसतेय. मग म्हणाली,

"बाबू, दुसरा बोल्ट कापसात नव्हताच रे. गाडीलेच नव्हता. त्या साली पिकातलं तण काढाच्या डवऱ्याचा बोल्ट तुटला त मोठ्या बाबानं शीटचा काढून लावला होता. तुह्या बाबाले सांगितलं नव्हतं."

म्हणजे मी खोलली तेव्हा शीट एकाच बोल्टावर होती. आणि मला आठवत होते दोन. मी पोटच्या पोरांना शपथेवर सांगितलं असतं की दोन काढले.

म्हटलं मग तेव्हा कोणी बोललं का नाही? तर म्हणे मोठ्या बाबांनी कापूस विकून झाल्यावर संक्रांतीला कबूल केलं, तिळगूळ देताना.

वेणूताई_दर्यापूर
पण मोठे बाबा तर तुमच्यासोबत कापूस झाडायला बसले होते ना?

धुऱ्यावरून
दोन दिवस. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. माझ्या शेजारी. मला म्हणत होते, "नीट पाह्य बे, असंन इथंच."

पऱ्हाटी
😂😂😂😂

ढोरकी
मोठे बाबा हायेत का आता?

धुऱ्यावरून
आहेत. कान गेलेत, बाकी ठणठणीत. डवरासुद्धा गोठ्यात टांगलेला आहे. उद्या दहाचा पाना घेऊन जातो.

खटारा_२२
बाराचाही न्या. ते सगळं जाऊ द्या, मागचा लाइट लागला का?

धुऱ्यावरून
नाही. बल्बच गेला होता. काचेचे दोन स्क्रू काढले की निघतो. शीट खोलायची गरजच नव्हती.

अकोटचा_बंड्या
मी काय म्हटलं होतं