आधी वाण बदला, मग माळा रिकामा होईल

गोदाकाठची
साधं राहायचं म्हटलं की सगळे खरेदीच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या घरातला पसारा मात्र खरेदीने कमी आणि लोकांनी हातात ठेवलेल्या वस्तूंनी जास्त वाढलाय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलं की साबणदाणी, चाळणी, डबी. वास्तुशांतीला भिंतीवरचं घड्याळ. निवृत्तीला शाल आणि काचेचं स्मृतिचिन्ह. मुंजीच्या डब्यावर नाव घातलेलं, म्हणजे तो पुढे कोणाला देण्याचीही सोय नाही.

परवा माळ्यावरून एक बोचकं काढलं. आत नुसते ब्लाउजपीस. काहींच्या घडीवर हळदीकुंकवाची बोटं तशीच उमटलेली. कोणी कधी ओटी भरली होती, एकाही घडीवरून सांगता येईना. जुन्या नाशकात वाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं तेव्हा एक फडताळ आणि दोन ट्रंका पुरायच्या. आता पाथर्डी फाट्याला मोठा फ्लॅट आहे, आणि दिवाणाच्या पोटातसुद्धा जागा उरलेली नाही. घंटागाडीत टाकलं तरी ते आमच्याच बाजूच्या खतप्रकल्पावर येऊन पडणार.

म्हणून माझं म्हणणं: येत्या संक्रांतीपासून वाण लुटायचं ते खाण्याचं. पावशेर मूगडाळ द्या, गूळ द्या. तोवर निफाड-दिंडोरीची द्राक्षं यायला लागलेली असतात, ती द्या. आणि वस्तूचा आहेर बंद करा.

सातपूरची सून
असहमत. ताई, वस्तू म्हणजे सगळा पसारा नव्हे. सासऱ्यांची कंपनी बंद पडली तेव्हा सासूबाईंनी रुखवतातली पितळी घागर, परात आणि बंब भांडीबाजारात नेऊन मोडीत घातला. त्या पैशांत धाकट्या दिरांची फी भरली गेली. सासूबाईंच्या नावावर घर नव्हतं, बँकेत खातं नव्हतं. भांडी तेवढी त्यांची होती. माहेरून आलेली, म्हणून विकताना कोणाला विचारावं लागलं नाही. त्यांची उतरंड कोणी अडगळ म्हटली असती तर मला राग आला असता. प्लॅस्टिकच्या साबणदाणीला मोडीचा भाव येत नाही, हे मान्य. पण मग वाईट वस्तू देऊ नका म्हणा, आहेरच बंद करा कशाला?

अंबडकर
मी प्लॅस्टिक मोल्डिंगच्या छोट्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. संक्रांतीच्या ऑर्डरी आल्या की आमच्या बायाबापड्यांना ओव्हरटाइम मिळतो. त्यांच्या पगाराचं काय, तेही कोणी लिहा.

नेहरू चौक
धागाकर्तीशी सहमत. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात, भांडीबाजारात पाणी शिरलं. आमच्या गल्लीतल्या एका आजी औषधांची पिशवी आणि कागदपत्रं घेऊन सरळ निघाल्या. त्यांचा मुलगा मात्र गुडघाभर पाण्यात डिनरसेटची खोकी जिन्यावर चढवत होता. खोकी लग्नात आलेली, कधी उघडलीही नव्हती. गल्लीतले चौघे त्याला ओढायला परत गेले. त्या चौघांच्या जिवाला धोका कशासाठी, तर न वापरलेल्या काचेसाठी! नदीकाठी राहणाऱ्याने तळमजल्यावर किती साठवावं याचा विचार करायलाच हवा.

लेणीवाला
नाशकात साधेपणाची चर्चा चाललीय तर पांडवलेणी वर चढून बघा. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा शिलालेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातल्या २,००० वर दरमहा शेकडा १ व्याज, म्हणजे वर्षाचे २४०. लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचा मुक्काम, करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब अगदी चोख बसतो.

तीन चीवरं आणि एका भिक्षापात्रावर राहणारा भिक्खूसुद्धा कोणाच्या तरी साठवणीवर आणि विणकरांच्या मागांवर विसंबून होता. म्हणून मला या साधेपणाच्या ओढीबद्दल शंका वाटते. आज टाकलेलं उद्या लागलं तर परत आणता येईल, एवढी ऐपत असणाऱ्यालाच माळा रिकामा करणं परवडतं. माझ्या वडिलांनी वाकडे खिळेसुद्धा ठोकून सरळ केले आणि डब्यात ठेवले. त्यात हाव नव्हती, टंचाई पाहिलेल्या माणसाची काळजी होती.

गोदाकाठची
लेणीवाले दादा, शिलालेखाचा हिशेब माहीत नव्हता, मनापासून आभार. पण तो मला माझ्याच बाजूचा वाटतो. भिक्खूला वस्त्र लागणार हे ओळखून वस्त्रापुरते पैसे ठेवले. घेणाऱ्याची गरज आधी, देणं नंतर. आपण उलटं करतो. घाऊक दुकानातून पन्नास नग उचलतो आणि समोर येईल तिच्या हातावर ठेवतो.

सातपूरच्या ताई, तुमच्या सासूबाईंच्या घागरीवर माझं काहीच म्हणणं नाही. ती रोज पाणी भरायला होती आणि अडीअडचणीला पैसा होती. माझ्या बोचक्यातला एकही ब्लाउजपीस यातलं काही करत नाही. अंबडकर, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. डाळ-गुळातही कोणाची तरी मजुरी असते, पण ती तुमच्या युनिटमधल्या बायकांना मिळणार नाही, हे खरं आहे.

फुलेनगरची लेक
मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. आई चार घरची धुणीभांडी करते. आमच्या फळीवरचे डाळीचे, तिखटाचे, चहा-साखरेचे डबे बहुतेक वाणातलेच आहेत. संक्रांत ते रथसप्तमी मालकिणींकडे आणि सोसायटीत हळदीकुंकवाला आईला बोलावतात, आणि त्या दिवसांत तिला नवी वस्तू मिळते. एरवी मिळतं ते वापरून झालेलं. नवं आणि आपल्यासाठी म्हणून दिलेलं, याचं तिला फार अप्रूप आहे.

ताई, तुम्हाला जड झालं असेल तर तुम्ही घेऊ नका. पण "आमच्याकडे यंदापासून वस्तू नाही" असा नियम सगळ्यांना लावला की मूगडाळीची पुडी तिलाही तीच आणि तुमच्या शेजारणीलाही तीच. गरज बघून द्यायचं हे तुम्हीच वर लिहिलंय ना? मग एकदा आईला विचारा. तिला झाकणाचा पाच किलोचा डबा हवाय, पिठाला.