मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप चालवायचंय, काय घेऊ? (फक्त कीपरसाठी, खेळाडूंनी वाचू नका)

नवा_कीपर: कॉल ऑफ कथुल्हू या भयकथांच्या रोलप्लेइंग खेळाचे (खेळाडू तपासनीसांची पात्रं खेळतात, कीपर गोष्ट चालवतो) सुटे डाव चालवता येतात, मास्क्ससारखी लांबलचक मोहीम पहिलीच. 4 खेळाडू, 3-3 तासांच्या 20 बैठका. एकच खरेदी करणार, तीही पीडीएफ. कोणती आवृत्ती? सुरुवात पेरूपासून की न्यूयॉर्कपासून?

फासे_शतक: नियमांच्या सातव्या आवृत्तीसाठीचा 2018चा संच. पण छापीलच घ्या. दोन जाडजूड खंड, सहाशेवर पानं. पीडीएफमध्ये मागेपुढे करण्यातच बैठक संपते. आणि पेरू हवंच! तिथे 1921 मध्ये जॅक्सन इलायस या लेखकाशी ओळख झाली तरच 1925 मधल्या त्याच्या खुनाचं कुणाला काही वाटेल.

अंधारकोठडी: +1 पेरू. शिवाय एच.पी. लव्हक्राफ्ट हिस्टॉरिकल सोसायटीचा प्रॉप संच घ्या. पत्रं, कात्रणं हातात पडली की टेबलाचा नूरच पालटतो.

नवा_कीपर: एकच खरेदी, मंडळी. पीडीएफ.

जुनी_पेटी: 1984च्या मूळ पेटीत न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया आणि शांघाय एवढंच होतं. ऑस्ट्रेलिया, पेरू ही नंतरची भर. 20 बैठकांत मूळ पाचच धड बसत नाहीत, सात कुठून बसणार? ऑस्ट्रेलिया आधी कापा.

सुतावरून_स्वर्ग: आवृत्तीचं सोडा, मोहीम बुडते ती सुगाव्यांवर. न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलातल्या इलायसच्या खोलीत स्टंबलिंग टायगर बारची काडेपेटी (शांघाय), फराज नजीरचं पत्र (कैरो), मागे सायलस एन्क्वानेचं नाव लिहिलेलं इमर्सन इम्पोर्ट्सचं कार्ड (हार्लेममधलं जुजू हाऊस हे दुकान) मिळतं. यातलं काहीही 'स्पॉट हिडन'च्या (दडलेलं हेरण्याच्या कौशल्याच्या) फाशांच्या फेकीवर ठेवू नका. सगळं फुकट द्या. फेक चुकली तर शोधायला वेळ लागला आणि तोवर पोलीस आले, एवढीच शिक्षा. ट्रेल ऑफ कथुल्हू या दुसऱ्या खेळात हेच तत्त्व आहे.
एका कागदावर तीन रकाने करा: वस्तू, सापडते कुठे, नेते कुठे. एखाद्या शहराकडे तीनपेक्षा कमी वाटा दिसल्या तर एक स्वतः घाला.

फासे_शतक: हेच म्हणणार होतो.

अंधारकोठडी: जुजू हाऊसपाशी जपून. तिथल्या पंथाच्या विधीच्या रात्री समोरून घुसलेली टोळी परत येत नाही. दुकान दिवसाही गाठता येतं, हे एखाद्या पात्राच्या तोंडून आधीच सुचवा. राखीव तपासनीसही तयार ठेवा, प्रत्येकी एक. इलायसचा प्रकाशक प्रॉस्पेरो हाऊस त्यांना पाठवतो म्हटलं की पटतं.

जुनी_पेटी: नाहीतर पल्प कथुल्हू या पुरवणीचे, पात्रं दणकट करणारे नियम लावा. कॉन (काटकपणा) 50, साइझ (आकारमान) 60 असेल तर एरवी 11 हिट पॉइंट (पात्राचा जीव), पल्पमध्ये 22. 11 वाल्याला एका फटक्यात 6 लागले की मोठी जखम, आणि .38 रिव्हॉल्व्हर 1डी10चं (दहा बाजूंचा एक फासा). म्हणजे लागलेली निम्मी काडतुसं आडवं करणार.

अंधारकोठडी: 22 हिट पॉइंट असलेला माणूस भितो कशाला? भय गेलं की उरते नुसती मारामारी. आणि ते आणखी एक पुस्तक झालं.

सुतावरून_स्वर्ग: सॅनिटीचे (मनाच्या संतुलनाचे) नियमही नीट वाचा. एका झटक्यात 5 किंवा जास्त सॅनिटी गेली की इंटची (बुद्धीची) फेक, आणि *यशस्वी* झाली तर वेड लागतं, कारण समोर काय आहे ते कळलेलं असतं. हे उलटं चालवणारे कीपर फार.

फासे_शतक: कॅलेंडरही ठेवा. 15 जानेवारी 1925 ते मोहिमेचा शेवट ठरवणाऱ्या 14 जानेवारी 1926च्या ग्रहणापर्यंत. बोटीचे आठवडे खरोखर मोजा, जखमा त्यातच भरतात आणि जाड ग्रंथही त्यातच वाचून होतात.

जुनी_पेटी: ग्रहण लेखकाच्या सोयीचं हो. चार महिने पुढे ढकला, काही बिघडत नाही.

सुतावरून_स्वर्ग: सोयीचं कसलं? त्या तारखेला खग्रास ग्रहण खरंच झालंय, पूर्व आफ्रिकेपासून सुमात्रापर्यंत दिसलेलं. तारीख हलवलीत तर जुनं पंचांग उघडणारा खेळाडू तुम्हाला पकडेल.

जुनी_पेटी: असा खेळाडू मिळाला तर त्यालाच कीपर करा.

नवा_कीपर: 2018ची पीडीएफ घेतली. पेरू आणि ऑस्ट्रेलिया दोन्ही वगळतोय. पेरूऐवजी पहिल्या बैठकीआधी प्रत्येक खेळाडूला इलायसचं एकेक पत्र पाठवणार, प्रत्येकात त्या पात्राने त्याच्यावर केलेला एक उपकार. साधे नियम, पल्प नाही. तीन रकान्यांचा कागद मात्र सुरू केलाय. केनियाकडे दोनच वाटा दिसताहेत.

फासे_शतक: पेरू वगळून पस्तावाल. आणि छापील घ्यायला हवी होती.