अनुभव धागा: चित्रपटांवरचे व्हिडिओ गेम्स का फसतात?

कळफलक (धागाकर्ता):
चित्रपट गाजलेला असतो, पडद्यावरचं जग मनात घर करून बसलेलं असतं, आणि त्यावरचा गेम मात्र तासाभरात नकोसा होतो. 'पैसे उकळायला काढतात' एवढं म्हणून हा विषय बाजूला टाकला जातो. पण वाईट गेमवरही माणसं रात्री जागवतात, म्हणून कारणं नीट मांडली जावीत असं मनापासून वाटतं. इथे प्रोग्रामिंग, टेस्टिंग, करार, मोबाइल गेम्स अशा निरनिराळ्या बाजू आतून माहीत असलेली बरीच मंडळी आहेत. आवडनिवड नको. कोणत्या टप्प्यावर काय बिघडतं, ते उदाहरण आणि सालासकट लिहा. जिथे जमून आलं तेही लिहा, त्यातून जास्त कळतं.

उलटमोजणी:
बिघाड कॅलेंडरपासून सुरू होतो. साधा गेम तयार झाला की बाहेर येतो. चित्रपटावरच्या गेमची तारीख मात्र दुसऱ्याच धंद्याने ठरवलेली असते, त्यामुळे सगळा हिशोब मागे मागे करावा लागतो.

डिस्कच्या जमान्यातलं गणित धरा. चित्रपट १ मेला लागणार. डिस्क छापून, डबे भरून दुकानांत पोचायला पाच-सहा आठवडे, म्हणजे मार्चच्या मध्याला अंतिम बिल्ड (गेमची तयार आवृत्ती) कारखान्यात हवा. त्याआधी सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो या कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) बनवणाऱ्यांची तांत्रिक तपासणी. तीत एकदा नापास व्हायची सोय धरायची तर फेब्रुवारीच्या मध्याला बिल्ड द्यायला हवा. त्यामागे दोन-तीन महिने निव्वळ बग (प्रोग्राममधल्या चुका) काढण्याचे. म्हणजे नवीन लेव्हल (गेममधला टप्पा), नवीन शत्रू, नवीन काहीही घालायची मुदत आदल्या नोव्हेंबरलाच संपते. करार जर त्या आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत झाला असेल, तर प्रत्यक्ष बांधणीला नऊ महिने मिळाले, आणि त्यातले पहिले दोन 'गेम नेमका कसला' हे ठरवण्यात जातात.

या नऊ महिन्यांत चित्रपटाचं शूटिंग चालू असतं. पटकथा बदलते, एखादा पाठलाग संकलनात उडतो, खलनायकाचा पोशाख बदलतो. चित्रपटात उडालेला पाठलाग गेममध्ये तीन लेव्हल होऊन बसलेला असतो, आणि तो काढला तर तेवढी जागा भरायला वेळ नसतो.

मुदत हुकली तर काय होतं, तेही पाहा. 'द डार्क नाइट' जुलै २००८ मध्ये लागला. त्यावरचा गेम इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससाठी ब्रिस्बेनमध्ये बनत होता, तो वेळेत उभा राहिला नाही आणि परवान्याची (चित्रपटाचं नाव-पात्रं वापरायच्या हक्काची) मुदत त्या वर्षअखेरीस संपत होती. गेम रद्दच झाला.

खेळगडी:
या विषयावर बोलताना अटारी कंपनीच्या २६०० या कन्सोलवरचा, स्पीलबर्गच्या चित्रपटावरचा 'ई.टी.' टाळता येत नाही, पण त्याबद्दल बरंच ढोबळ बोललं जातं. स्पीलबर्गशी बोलणी संपली जुलै १९८२ च्या अखेरीस, आणि नाताळच्या विक्रीसाठी प्रोग्राम १ सप्टेंबरला हवा होता. म्हणजे पाच आठवडे. प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ कच्चा नव्हता. त्याच्या 'यार्स रिव्हेंज'ला सात महिने मिळाले होते आणि तो त्या यंत्रावरच्या उत्तम खेळांपैकी मानला जातो. यंत्रात रॅम १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खोचायची गेमची डबी, ८ किलोबाइटचं.

आता बिघाड जवळून बघू. गेममधले खड्डे वरून पाहिल्यासारखे काढलेत आणि ई.टी. बाजूने. टक्कर तपासताना त्याच्या चित्राचा कुठलाही पिक्सेल खड्ड्याच्या पिक्सेलला लागला की तो पडतो. पाय काठापासून लांब असले, पण डोकं खड्ड्याच्या रंगावर आलं, तरी पडला. मान लांब करून वर तरंगत यायचं, आणि काठावर येऊन जरा चुकीची दिशा दाबली की परत आत. प्रत्येक हालचालीला ९९९९ मधून शक्ती कमी होत असते, ती वेगळीच. पुढे हौशी प्रोग्रामरनी मूळ कोडमध्ये थोडेच बाइट बदलून ही टक्कर पायांपुरती करून दाखवली. दुरुस्ती इतकी लहान होती! महिनाभर बाहेरच्या मुलांकडून खेळून घेतलं असतं तरी ती सुचली असती. पाच आठवड्यांत टेस्टिंगचा आठवडाच नव्हता.

अमेरिकेत अ‍ॅलामोगोर्डोच्या कचराभूमीत अटारीने पुरलेल्या कार्ट्रिजांची गोष्ट खरी आहे, २०१४ मध्ये उकरून खात्रीही झाली. मात्र तिथे अटारीचे इतर खेळही निघाले.

सांजवारा:
उलटमोजणी यांच्याशी सहमत, पण वेळ मिळाला म्हणजे सगळं जमतं असं नाही. मला मोठी अडचण वाटते ती क्रियापदाची. खेळाडूची बोटं तासन्‌तास नेमकं काय करणार? चित्रपटाचा नायक दोन तासांत वीस वेगळ्या गोष्टी एकेकदाच करतो. प्रेम, भांडण, उड्डाण, रडणं, एक मारामारी. गेमला एकच गोष्ट हजारदा करून गोडी टिकवावी लागते.

'सुपरमॅन रिटर्न्स' (२००६) हा यावरचा फार शिकवणारा नमुना आहे. ज्याला इजाच होत नाही त्या नायकाला हरवायचं कसं? त्यांनी हेल्थ बार (जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी) सुपरमॅनऐवजी मेट्रोपोलिस शहराला दिला. कल्पना खरोखर हुशारीची आहे. पण मग आकाशात यंत्रमानव येतात, शहराची पट्टी उतरते, त्यांना पाडा, परत तेच. आणि शेवटचा बॉस, म्हणजे मुख्य शत्रू, चक्रीवादळ. ज्याच्याशी झुंजायला चेहरा नाही, डावपेच नाहीत, त्याच्यावर गेम संपतो. चित्रपट जूनअखेरीस लागला, गेम नोव्हेंबरपर्यंत लांबवून डीव्हीडीच्या वेळी काढला, तरी हा प्रश्न सुटला नाही.

उलट बाजूला 'स्पायडर-मॅन २' (२००४, ट्रेयार्क स्टुडिओचा). आदल्या गेममध्ये जाळं आकाशात कुठेही चिकटायचं. इथे ते खऱ्या इमारतीला चिकटतं. कोपरा कुठे आहे, दोर किती लांब, कोणत्या क्षणी सोडला, यावर झोका आणि वेग ठरतो. मोहिमा तशा सामान्य, मुलांचे उडालेले फुगे पकडून देण्यापर्यंत मजल जाते. पण फक्त मॅनहॅटनभर झोके घेत फिरण्यासाठी लोक तो गेम अजून काढतात.

पायरेट_नव्हे:
सांजवारा, यात एक जोड, कारण आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा इथेच गैरसमज आहे. २००४ साली भारतात घरोघरी होता तो पीसी. आणि 'स्पायडर-मॅन २'ची पीसी आवृत्ती हा वेगळ्या स्टुडिओने लहान मुलांसाठी बनवलेला वेगळा गेम होता. त्यात जाळं ठरावीक खुणांनाच अडकतं, मोकळा झोका नाही. डब्यावर चित्र तेच, नाव तेच. त्यामुळे 'लोक उगाच कौतुक करतात' असं इकडे अनेकांचं मत झालं.

त्या काळी एका चित्रपटाचे गेम पीएस२, एक्सबॉक्स, गेमक्यूब, पीसी, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, पुढे डीएस आणि पीएसपी अशा सहा-सात यंत्रांवर एकाच दिवशी हवे असायचे. मुख्य स्टुडिओ दोन-तीन सांभाळतो, बाकीचे बाहेर वाटले जातात. कोणता कोणी बनवला हे डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं. जुना गेम शोधताना आधी ते वाचा.

दारमागे:
'गोल्डनआय' या जेम्स बाँडपटावरच्या गेमबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. चित्रपट नोव्हेंबर १९९५, निन्टेन्डो ६४ वरचा गेम ऑगस्ट १९९७. रेअर कंपनीची जेमतेम नऊ-दहा जणांची टीम, त्यातल्या बहुतेकांचा पहिलाच गेम, आणि मार्टिन हॉलिस प्रमुख. चित्रपटाची तारीख हुकू दिली, हा या गेमला मिळालेला सगळ्यात मोठा आशीर्वाद आहे असं मी ठामपणे म्हणेन. चार जणांनी एकत्र खेळायचा मल्टिप्लेअर, ज्यासाठी तो आजही आठवला जातो, तो शेवटच्या काही महिन्यांत घातलेला आहे. मुदत पाळली असती तर तो नसताच.

दुसरी गोष्ट लेव्हल बांधण्याच्या पद्धतीची. टीमने चित्रपटाच्या सेटवर जाऊन फोटो काढले, नकाशे मिळवले आणि आधी जागा बांधली. खेळाडू कुठून सुरू करेल, काम काय करेल, हे नंतर ठरलं. त्यामुळे काही खोल्यांत काहीच घडत नाही, काही वाटा कुठेच नेत नाहीत. कागदावर हा दोष आहे. खेळताना मात्र ती खरी इमारत वाटते आणि आपली वाट आपण शोधतो. बहुतेक चित्रपट-गेम्स याच्या उलट बांधतात: प्रसंग एक, मग मोकळी गल्ली, मग प्रसंग दोन. गोष्ट आधीच माहीत असलेल्या माणसाला त्या गल्लीत शोधण्यासारखं काही उरत नाही.

टकटक:
टेस्टिंगकडून. मुदतीखाली बगची वर्गवारी होते. गेम बंद पडतो, सेव्ह फाइल खराब होते, पुढे जाताच येत नाही, हे 'अ' वर्गातले बग निघतातच, कारण त्यांच्यामुळे कन्सोलवाले नापास करतात. 'शत्रू मठ्ठ वागतो' हा बग कुठल्याच तपासणीत नापास होत नाही. तो राहून जातो.

सगळ्यात बोलकं उदाहरण 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' (फेब्रुवारी २०१३). हा प्रदर्शनाच्या तारखेला बांधलेला नव्हता, चित्रपट १९८६ चा. तरीही एलियन सरळ अंगावर धावत येतात, मध्येच घुटमळतात. कारण सापडलं पाच वर्षांनी. सेटिंग्जच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये, म्हणजे पेकनइंजिन डॉट आयएनआयमध्ये, शत्रूला खोलीतल्या ठिकाणांशी जोडणारी एक ओळ आहे. तिथे 'टेदर' या इंग्रजी शब्दात एक 'ए' जास्त पडला होता. त्या नावाचं काही अस्तित्वातच नसल्याने इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्राम) ती ओळ गुपचूप सोडून द्यायचं, चुकीचा संदेशही नाही. नोटपॅडमध्ये ते अक्षर काढलं की एलियन बगल देऊन, बाजूच्या वाटेने येऊ लागतात. गेम उत्तम होत नाही, पण फरक लगेच कळतो. पीसीवर कोणाकडे असेल तर माय डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरमध्ये ती फाइल आहे. बदलण्याआधी प्रत करून ठेवा.

नापास न होणाऱ्या बगांसाठी वेगळा वेळ राखून ठेवणारा निर्माता मिळणं दुर्मीळ.

शाईपेन:
कराराची बाजू. परवाना एकसंध नसतो. चित्रपटाचं नाव आणि पात्रं स्टुडिओकडे, चेहरा नटाकडे, आवाज पुन्हा वेगळा, संगीत चौथ्याच कुणाकडे. 'द गॉडफादर'च्या गेममध्ये (२००६) मायकल कॉर्लिओनीला अल पचिनोचा चेहरा नाही, तर त्याच वर्षीच्या 'स्कारफेस'मध्ये चेहरा त्याचा पण आवाज दुसऱ्याचा.

मंजुऱ्यांत किती वेळ जातो, हे बाहेरच्यांना कळत नाही. प्रत्येक मॉडेल, प्रत्येक पोस्टर स्टुडिओला दाखवायचं. तिकडचा माणूस शूटिंगमध्ये गुंतलेला. पंधरा दिवस उत्तर नाही, मग 'खांदे जरा रुंद करा' असं उत्तर, की मॉडेल आणि त्यावरची सगळी अ‍ॅनिमेशन्स परत.

याउलट १९९३ चा सेगावरचा 'अलादीन'. डिस्नेने परवान्यासोबत आपले अ‍ॅनिमेटर दिले. त्यांनी कागदावर काढलेल्या फ्रेम्स स्कॅन होऊन गेममध्ये आल्या. चित्रपट लागून वर्ष झालेलं होतं. तसंच 'एलियन: आयसोलेशन' (२०१४). चित्रपट कंपनी फॉक्सने १९७९ च्या 'एलियन' चित्रपटाचा सुमारे तीन टेराबाइटचा मूळ साठा उघडून दिला: सेटचे फोटो, आराखडे, ध्वनी. गोष्ट मात्र नवीन, आणि गेमभर एकच काम: लपणं.

खेळगडी:
शाईपेन, डिस्नेवरून आठवलं. 'द लायन किंग'च्या गेममध्ये (१९९४) दुसरी लेव्हल अचानक अंगावर येते, माकडांच्या फेकाफेकीत पोरं रडकुंडीला यायची. भाड्याने नेऊन एका वीकेंडात कोणी संपवू नये म्हणून डिस्नेकडून ती मुद्दाम अवघड करायला लावली होती. चित्र, संगीत सुरेख, आणि बहुतेकांनी पुढचा गेम पाहिलाच नाही.

मध्यममार्ग:
पोलंडच्या टेयॉन या गेम स्टुडिओकडे पाहा. २०१४ चा त्यांचा 'रॅम्बो' म्हणजे रुळावरून पुढे सरकत नुसत्या गोळ्या झाडायच्या, चित्रपटांतले प्रसंग जसेच्या तसे. अतिशय वाईट ठरला. त्याच स्टुडिओचा २०२३ चा 'रोबोकॉप: रोग सिटी' लोकांना मनापासून आवडला. यात गोष्ट नवी आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रपटाच्या मधली. चित्रपटातला रोबोकॉप, पीटर वेलर, याचा स्वतःचा आवाज आहे. आणि नायक जड पावलांनी चालतो, आडोसा घेत नाही, गोळ्या अंगावर झेलत पुढे जातो. दुसऱ्या गेममध्ये हा संथपणा दोष ठरला असता. इथे तेच पात्र आहे.

उडुपी_लोकल:
आपल्याकडे हा सगळा खेळ मोबाइलवर गेला. 'गजिनी'चा पीसी गेम २००८ मध्ये हैदराबादच्या एफएक्सलॅब्सने केला, 'रा.वन'चा प्लेस्टेशनवरचा गेम २०११ मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सने. पण कन्सोल असलेली घरंच थोडी. मग 'धूम ३'साठी (२०१३) उडुपीच्या ९९गेम्सने मोटारसायकल पळवायचा साधा, न संपणारा गेम काढला आणि तो प्रचंड डाउनलोड झाला. क्रियापद एकच, पण चित्रपटाचा जीव तेच होतं. 'बाहुबली'चा २०१७ चा गेम बंगळुरूच्या मूनफ्रॉगने राज्य बांधण्याचा आणि लढवण्याचा केला, तीही निवड बरोबर.

फसतात ते बाकीचे. पोस्टर आणि ट्रेलरच्या बजेटातून पैसे येतात, हातात सहा ते आठ आठवडे असतात. तयार धावण्याच्या गेमचं टेम्प्लेट घेऊन नायकाचा चेहरा चिकटवला जातो. चित्रपट उतरला की अपडेट थांबतात, अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की गेम चालेनासा होतो.

कळफलक:
उडुपी_लोकल, पुण्यातल्या एका विद्यार्थी गटाला मराठी चित्रपटाच्या निर्मात्याने गेमबद्दल विचारलंय. बजेट लहान. करारात काय मागावं?

उडुपी_लोकल:
पहिलं, प्रदर्शनाची तारीख मागू नका. चित्रपट ओटीटीवर येतो तेव्हाची मागा, दोन-तीन महिने जास्त मिळतात. सेटचे आणि पोशाखांचे चारही बाजूंनी फोटो, संवाद वगळून पार्श्वसंगीताचे सुटे ट्रॅक, लोगोची मूळ फाइल हे करारासोबतच घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही. नटाच्या चेहऱ्याची लेखी परवानगी वेगळी. ती नसेल तर चित्रशैली व्यंगचित्राची ठेवा म्हणजे हुबेहूबपणाचा वादच येत नाही. मंजुरीला पाच कामाचे दिवस, उत्तर नाही आलं तर मंजूर धरलं जाईल, हे वाक्य घातल्याशिवाय सही करू नका. देखभालीचं किमान एक वर्ष वेगळ्या रकमेने लिहून घ्या. आणि पहिल्या दोन आठवड्यांत नायकाच्या जागी साधा चौकोन ठेवून गेम बनवा. चित्रपटाशी काही संबंध नसलेल्या पाच जणांना तो चौकोन परत परत खेळावासा वाटला, तरच पुढची चित्रं काढायला घ्या.