एजंट गाठा म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा

माहुलीकर (सातारा): काल एका महाशयांनी इथे लिहिलं, "पैसे भरून पुस्तक काढणारे हौशी. हस्तलिखितात दम असेल तर एजंट गाठा, तो प्रकाशक मिळवून देतो." मराठीत एजंट? बरं, मांडू हिशेब. आवृत्ती 500 प्रतींची, किंमत 250, मानधन 10 टक्के. सगळ्या प्रती खपल्या (हसू नका) तरी लेखकाला 12,500. त्यातले एजंटाचे 15 टक्के म्हणजे 1,875 रुपये. एवढ्यासाठी कोण तुमची कादंबरी वाचून पुण्याला खेटे घालेल? इंग्रजीवाल्यांना ॲडव्हान्स मिळतो, परदेशी हक्क विकले जातात, म्हणून तिथे एजंटाचं पोट भरतं. आपण स्वतःच कुरिअर करायचं आणि वर्षभर प्रकाशकाकडून "वाचकांकडे (म्हणजे हस्तलिखित तपासणाऱ्यांकडे) दिलंय" ऐकायचं.

कृष्णाकाठ (सांगली): मग काय, पैसे भरायचे? आमच्या दाजींनी भरले. प्रकाशकानं गठ्ठे दारात आणून टाकले, विक्री शून्य. 2019च्या पुरात खालच्या खोलीत सगळ्याचा लगदा. ताई म्हणते, एकदाची खोली मोकळी झाली. साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकाला. तिकडे कुणी बघतं का?

हळदबाजार: कुठेही पाठवा, आधी फॉन्ट विचारा! मी अख्खी कादंबरी मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहिली. प्रकाशक म्हणाले, श्रीलिपीत द्या, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. रूपांतर केलं तर 'दुसऱ्या'तला र गायब, वेलांट्या भलत्याच अक्षरांवर. आता पानपान तपासतोय.

निवृत्त मास्तर, कराड: फॉन्ट बदलून शुद्धलेखन येत नाही. आजचे लेखक 'आणि' दीर्घ लिहितात आणि संपादकाला नावं ठेवतात.

हळदबाजार: मास्तर, तुम्ही फुलस्केपवर लिहिता आणि टायपिंग सूनबाईंच्या गळ्यात मारता, हे तुम्हीच मागे सांगितलंत. तुम्हाला फॉन्टचा त्रास कसा होणार?

अक्षरजुळणी: डीटीपीवाला बोलतोय. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही, म्हणून श्रीलिपी मागतात. त्याच कामाच्या नव्या इनडिझाइनवर युनिकोड व्यवस्थित चालतं, पण जुनी सवय सुटत नाही. आणि आमचंही ऐका. तिसऱ्या प्रूफात लेखक नायिकेचं नाव बदलतात, शेवटचं प्रकरण नव्यानं पाठवतात, आणि पैसे मात्र पहिल्या जुळणीचेच!

निवृत्त मास्तर, कराड: सूनबाईंना मध्ये आणायचं कारण नव्हतं.

माहुलीकर (सातारा): अहो, मूळ विषय हस्तलिखिताचा होता! पैसे भरा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. भरलेच तर करार बघून भरा. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. दाजींच्या करारात काय होतं?

कृष्णाकाठ (सांगली): करार कसला, पावतीसुद्धा नाही. 1,875चा आकडा मान्य, बाबा. पण तुमच्या साताऱ्यातले लोक करार वाचून सही करतात हे ऐकून गहिवरून आलं.

निवृत्त मास्तर, कराड: मी प्रकाशकाला नेहमी आधी पोस्टकार्ड टाकतो. विषय, पानं, दोन ओळी सारांश. "पाठवा" आलं तरच झेरॉक्स. मूळ प्रत कधीच नाही. तीन पुस्तकं अशीच निघाली, एक रुपया न भरता.

कृष्णाकाठ (सांगली): कोणत्या साली, मास्तर?

निवृत्त मास्तर, कराड: सालाचा काय संबंध?

हळदबाजार: @अक्षरजुळणी, तो र परत आणणारा कन्व्हर्टर कुठला? इथेच सांगा.