जूनची सायकल सहल (यॉर्कशर, इंग्लंड) : बटरटब्जचा घाट घ्यायचा की नाही?

सचिव :
मंडळी, शनिवारचा मार्ग आज रात्रीच ठरवायला हवा, उद्या जेवणाचा आकडा द्यायचाय. कच्चा आराखडा असा : हॉज गावाहून बटरटब्जचा घाट चढून म्यूकर गाव, तिथून रीथ, मग ग्रिंटन मूरचं उंच माळरान ओलांडून वेन्स्लीडेलच्या दरीतून परत हॉज. हरकत असेल तर लगेच कळवा.

नाना (ब्रॅडफर्ड) :
माझी हरकत आहे. हा मार्ग मला न विचारता कसा निघाला? 5 जुलै 2014 ला टूर द फ्रान्सचा पहिला टप्पा लीड्सहून सुटला, तेव्हा मी बटरटब्जवर पहाटेपासून उभा होतो. साडेचार किलोमीटर चढ, सरासरी 6.8 टक्के. तो संपल्यावर त्याच दिवशी त्यांना ग्रिंटन मूरही चढायचा होता. तेच दोन्ही चढ तुम्ही एका दिवसात लहान मुलांना देताय. मॅलमच्या सहलीत किती जण सायकल ढकलत आले, ते आठवा.

वहिनी (यॉर्क) :
नाना, ढकलली तर काय बिघडलं? मॅलमला ढकलत चालल्यामुळेच मला टिटव्या दिसल्या. बायका आल्या की मार्ग सोपा करायचा, हे दरवेळचं मला पटत नाही. मी बटरटब्ज चढणार.

खजिनदार :
चढाचं नंतर बघू. हॉजला पोचणार कसे? गार्सडेल स्टेशनला उतरून सहा मैल सायकल, असं सगळे गृहीत धरून बसलेत. नॉर्दर्न रेल्वेच्या एका गाडीत दोनच सायकली घेतात, आरक्षण नसतं, आधी येईल त्याची जागा. आपण बारा जण. सायकल-रॅक असलेल्या मोटारी कोणाकोणाकडे आहेत, तेवढंच लिहा.

बंटी (लीड्स) :
माझ्याकडे तीन सायकलींचा रॅक आहे. पण जूनमध्ये कशाला? ऑगस्टमध्ये मूरवर हेदरची झुडपं फुलतात, डोंगरच्या डोंगर जांभळे. तेव्हा टॅन हिललाही जाता येईल. 528 मीटरवरचा पब, ब्रिटनमधला सर्वांत उंच!

सचिव :
बंटी, तारीख कार्यकारिणीने ठरवलीय, ती आता बदलणार नाही. शिवाय 12 ऑगस्टपासून मूरवर ग्राउस पक्ष्यांची शिकार सुरू होते.

माई :
जूनच हवा, कारण म्यूकरची गवती कुरणं आत्ताच फुललेली असतात. जुलैत कापणी झाली की काही उरत नाही. मी साताऱ्याची, कासचं पठार बघत वाढले, तरी म्यूकरला पहिल्यांदा गेले तेव्हा हललेच नाही. गुडघाभर गवतात पिवळी, गुलाबी, जांभळी फुलं, मधून एकच फरसबंद पायवाट आणि प्रत्येक शेतात दगडी गोठा. पण ते गवत म्हणजे शेतकऱ्याच्या गुरांची हिवाळ्याची बेगमी आहे. एकामागे एक चालायचं, फोटोसाठी आत पाय घालायचा नाही. आणि ती वाट फक्त पायी जाणाऱ्यांची. सायकली गावातच ठेवायच्या.

बंटी (लीड्स) :
माई, पण बाजूच्या ब्रिडलवेवर, म्हणजे घोड्यांच्या वाटेवर, सायकल चालते ना?

नाना (ब्रॅडफर्ड) :
चालते. 1968 च्या कायद्यापासून परवानगी आहे, मात्र घोडेस्वार आणि पायी चालणारे आले की आपण थांबायचं. पण पाऊस पडून गेला की तिथे चिखल असतो, रस्त्याच्या बारीक टायरवर जाऊ नये.

आता माझं म्हणणं नीट ऐका. बटरटब्ज गाळा असं मी म्हणत नाही. माथ्यावरची ती चुनखडीची खोल भगदाडं प्रत्येकाने बघावीत. हॉजच्या बाजाराला निघालेले शेतकरी विसाव्याला थांबले की लोणी गार राहावं म्हणून त्यांत सोडत, असं सांगतात. माझी काळजी उताराची आहे. पलीकडे थ्वेट गावाच्या बाजूला रस्ता एकदम कोसळतो, एका कडेला दरी. मेंढ्या मोकळ्या असतात, कोकरू कधी आडवं येईल सांगता येत नाही. ब्रेक सतत दाबून धरू नका, दाबा-सोडा करा. रस्त्यात गुरं अडवायला लोखंडी गज टाकलेले असतात, ते सरळ रेषेत ओलांडायचे. ओल्या गजांवर हँडल वळवलं की माणूस पडलाच.

वहिनी (यॉर्क) :
नाना, मग उताराला तुम्ही सर्वांत पुढे राहा. मी शेवटी राहते.

खजिनदार :
मुलांनी रीथहून सुरुवात करावी. तिथे जवळच सायकली भाड्याने मिळतात, म्हणजे तेवढ्या न्यायला नकोत. रीथ ते म्यूकर दरीतून सुमारे 9 मैल, हीलॉ, गनरसाइड ही गावं करत. चढउतार आहेत, पण घाट नाही.

सचिव :
ठरलं. पहिला गट हॉजहून बटरटब्जमार्गे, दुसरा रीथहून नदीकाठच्या रस्त्याने. साडेबाराला म्यूकरला भेट, जेवण तिथेच. ग्रिंटन मूर रद्द, दोन्ही गट आल्या वाटेने परत. पहिल्या गटात नाना पुढे, वहिनी मागे. माई, कुरणात मुलांना तुम्ही न्या.

माई :
नेते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी करते, बटाट्याची भाजी कोणीतरी घ्या.

खजिनदार :
भाजी आमच्याकडे. रॅकचं अजून फक्त बंटीने कळवलंय. बाकीच्यांनी रात्री दहापर्यंत लिहा.