दीड लाखावर चाललेली डिझेल ऑटोमॅटिक घ्यावी का?

घाटंजीकर२९

राम राम मंडळी. बाबांचे गुडघे क्लच मारू देत नाहीत, म्हणून जुनी डिझेल ऑटोमॅटिक पाहून राहिलो. रोजचं जाणं-येणं घाटंजी ते यवतमाळ, महिन्यातून एखादवेळी नागपूर. शेताकडचा शेवटचा तुकडा पांदण रस्त्याचा, पावसाळ्यात काळ्या मातीचा नुसता राडा. नजरेत तीन गाड्या आहेत :

क्रेटा १.६ डिझेल, २०१७, १,५८,००० किमी, नागपूर पासिंग.
व्हेंटो डिझेल डीएसजी, २०१६, ९८,००० किमी, दिल्ली पासिंग. तिघींत हीच स्वस्त.
डिझायर डिझेल एजीएस, २०१८, १,३४,००० किमी, अमरावती पासिंग.

इथला मिस्त्री म्हणतो, लाख किमीच्या वर चाललेल्या ऑटोमॅटिकला हात लावू नका. इंजिनाची भीती नाही, गिअरबॉक्सची आहे. गाडी पाहताना काय काय तपासायचं? आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं की नाही, यावर तर प्रत्येकाचं मत वेगळं.

गिअरबॉक्स_अकोला

भाऊ, तिन्ही गाड्यांना आपण ऑटोमॅटिकच म्हणतो, पण आतलं यंत्र तीन प्रकारचं आहे. ते आधी समजून घ्या, म्हणजे किलोमीटरचा आकडा किती मनावर घ्यायचा ते कळेल.

क्रेटामध्ये टॉर्क कन्व्हर्टरवाला ६ स्पीड गिअरबॉक्स आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल फिरतं, चाकांना ताकद त्या तेलातून मिळते. चिखलात गाडी हळूहळू काढायची असेल तर हा प्रकार सगळ्यांत सहनशील, कारण घसटायला मध्ये कोरडी क्लचप्लेट नसते. आतल्या क्लचप्लेट तेलात बुडालेल्या असतात. हा गिअरबॉक्स मरतो तो बहुतेक वेळा तापून जळलेल्या तेलामुळे. वेळेवर तेल बदललेली, दीड लाख किमी चाललेली गाडी ही तेल कधीच न बदललेल्या, ऐंशी हजार किमी चाललेल्या गाडीपेक्षा चांगली.

व्हेंटोमध्ये ७ स्पीड डीएसजी आहे, दोन कोरड्या क्लचप्लेटवाला. त्याचा मेंदू म्हणजे मेकॅट्रॉनिक, हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच डब्यात. याच घराण्यातल्या गिअरबॉक्समुळे २०१३ मध्ये चीनमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. हायवेवर गाडी लोण्यासारखी चालते, त्यात वाद नाही. पण पांदणीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना क्लच सतत अर्धवट घसटत राहतो आणि तापतो. वर आपल्याकडचा ४५ अंशांचा मे महिना. मेकॅट्रॉनिक गेलं तर तालुक्यात कोणी हात लावणार नाही, गाडी उचलून नागपूरलाच न्यावी लागेल. स्वस्त मिळते आहे ती याच कारणाने.

डिझायरची एजीएस म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. झटके देईल, चढावर हलकीशी मागे सरकेल. क्लचप्लेट हा झिजणारा माल आहे, १,३४,००० वर एकदा बदललेली असायला हवी, बिल मागा. क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून ॲक्च्युएटरला, म्हणजे क्लच दाबणाऱ्या यंत्राला, नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते. ते न करता गाडी सोडली की पहिला गिअर धाडकन पडतो आणि लोक गिअरबॉक्सला दोष देत बसतात. दुरुस्तीच्या खर्चाला तिघींत हीच हलकी.

तुमच्या वापराला क्रेटा पहिली, डिझायर दुसरी. व्हेंटो सोडून द्या.

वर्धा_डिझेल

वरच्याशी सहमत. आता क्रेटा कशी पाहायची ते.

गाडी सकाळी बघा, रात्रभर उभी असलेली. मालकाला आधीच सांगा की सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटला आणि सायलेन्सरला हात लावा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड स्टार्टला चेनचा खडखडाट दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त चालतो का ते ऐका. या इंजिनात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे, आणि ती ढिली झाली की सकाळीच बोलते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंजेक्टर किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) खराब, नाहीतर टर्बोच्या पाइपात लीकेज.

मग ब्रेक दाबून पी, आर, एन, डी (पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) असं एकेक टाका, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबून. एनमधून डी किंवा आर टाकल्यावर गाडीने सेकंदाच्या आसपास पकड घ्यायला हवी. त्याहून उशीर म्हणजे आत प्रेशर कमी आहे. खाडकन धक्का आणि डीमध्ये उभ्या गाडीत थरथर असेल तर आधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं ती, पाहा. तो खर्च लहान आहे आणि भाव पाडायला चांगलं कारणही.

रस्त्यावर ५० ते ८० च्या वेगात ॲक्सिलरेटर अगदी हलका आणि स्थिर ठेवा. गाडी रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथरली तर ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, तेवढ्यापुरताच, मागे गाडी नसताना. त्या क्षणी थरथर थांबली आणि आरपीएम थोडे वर गेले तर दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचमध्ये आहे (वेग धरल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच). नाही थांबली तर टायर, व्हील बॅलन्सिंग, ड्राइव्ह शाफ्टकडे वळा. दुसरं, गिअर बदलताना आरपीएम उसळतात पण वेग वाढत नाही, असं होतं का? त्याला स्लिप म्हणतात. स्लिप दिसली की भाव करत बसू नका, नमस्कार करून घरी या.

हे सगळं गाडी पूर्ण तापल्यावर, ३०-४० मिनिटं चालवून, पुन्हा करा. थंड तेल घट्ट असतं, झिजलेले सील त्यात झाकून जातात. तेल तापून पातळ झालं की खरं रूप दिसतं. शेवटी एखाद्या चढावर तापलेल्या गाडीने रिव्हर्स घ्या.

काही जण ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायची स्टॉल टेस्ट सांगतील. दुसऱ्याच्या दीड लाख चाललेल्या गाडीवर ते करू नका, काही सेकंदांत तेल भयंकर तापतं.

दहाचा_पाना

चाचणी बरोबर सांगितली, पण ऑइलबद्दल माझं मत वेगळं आहे. जुन्या गिअरबॉक्सचं तेल बदललं की आठवड्यात गिअर स्लिप होतात, असं गॅरेजवाले उगाच म्हणत नाहीत. झिजलेल्या प्लेटची पावडर त्या तेलात तरंगत असते, तीच थोडीफार पकड देते. मशीन लावून सगळं तेल एकदम काढलं की तीही जाते. मी म्हणेन, नीट चाललेल्या गाडीला हात लावू नका.

गिअरबॉक्स_अकोला

पाना भाऊ, तुमचं निरीक्षण खरं, निष्कर्ष अर्धाच. पावडरच्या भरवशावर चालणारा गिअरबॉक्स आधीच मेलेला असतो, तेल बदलल्याने ते फक्त उघड होतं. म्हणून तेल आधी पाहायचं आणि मग ठरवायचं. लाल किंवा तपकिरीकडे झुकलेलं लाल असेल तर बदला. काळं आणि करपलेला वास असेल तर गाडीच घेऊ नका, मग बदलायचं की नाही हा प्रश्नच उरत नाही. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधला कूलर आतून फुटून कूलंट तेलात शिरलंय. तिथेही पाठ फिरवा.

कंपनीच्या पुस्तकात बऱ्याचदा 'सामान्य वापरात तेल बदलायची गरज नाही' असं असतं. त्याच पुस्तकात खडतर वापराचं वेगळं कोष्टक असतं, ते कोणी वाचत नाही. धुळीचे रस्ते आणि उन्हातली गर्दी त्या कोष्टकात येते, म्हणजे आपला अख्खा जिल्हाच.

मशीनने फ्लश नको, यावर मात्र तुमच्याशी सहमत. खालचा नट काढून निघेल तेवढंच काढायचं. या गिअरबॉक्सात एकूण तेल साधारण ७ लिटर. नट काढल्यावर त्यातलं निम्मंच बाहेर येतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. जेवढं निघालं तेवढंच मोजून नवं घाला, ४००-५०० किमी चालवा, पुन्हा तेच. अशा तीन फेऱ्यांत सुमारे ८७ टक्के तेल नवं होतं. ११ लिटर घेऊन ठेवा, डब्यावर एसपी-४ ग्रेड असल्याची खात्री करून. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असा डबा नको. नटाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ लेप असणं ठीक, बोटाला टोचणारे तुकडे असतील तर काम संपलं.

लेव्हलसाठी डिपस्टिक शोधू नका. तेल ठरावीक तापमानाला आणून, इंजिन सुरू ठेवून, लेव्हलच्या नटातून पाहायची असते. तापमान स्कॅनरवर दिसतं. ज्या गॅरेजकडे हा स्कॅनर नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका. इंजिन ऑइलवाला मुलगा अंदाजाने अर्धा लिटर जास्त घालून मोकळा होतो, मग तेलाला फेस येतो आणि गिअर चुकतात.

घाटंजीकर२९

लय उपयोगाचं सांगितलं. मालक म्हणतो किलोमीटर खरे आहेत, पण कंपनीतली सर्व्हिस ९०,००० पर्यंतच आहे, पुढे बाहेर केली. हे कसं पडताळायचं? आणि व्हेंटोवाला दिल्लीची एनओसी देतो म्हणतोय.

आरसी_बुक

आधी दिल्ली. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून १० वर्षांच्या जवळ आलेल्या गाड्या आपल्याकडे येतात. नुसती एनओसी म्हणजे फॉर्म २८. त्यानंतर महाराष्ट्रात वयानुसार रोड टॅक्स भरा, नवा नंबर घ्या, दिल्लीच्या टॅक्सचा परतावा मागत बसा. स्वस्ताईचा मोठा भाग तिथेच जातो.

क्रेटासाठी मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चलान परिवहनच्या साइटवर नंबर टाकून पाहा, समृद्धीवर पळालेल्या गाड्यांवर वेगाची चलानं साचलेली असतात.

किलोमीटरचं : ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी स्कॅनर लावा, तो गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचतो. त्यात 'कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर' दिसतं. तिथे २० किमी दिसलं तर तुम्ही यायच्या आदल्या दिवशी कोणीतरी कोड पुसलेत, का ते विचारा. चांगल्या स्कॅनरवर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये नोंदलेले किलोमीटरही पाहता येतात, मीटरशी जुळवा. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर साठ हजारावर, असं गणित बसत नसतं.

एक विचारायचं राहू देऊ नका : गाडी वणी-घुग्घुसच्या कोळसा पट्ट्यात ठेकेदाराकडे होती का? तिथे गाड्या एसी लावून तासनतास उभ्या जागी सुरू असतात. मीटर पुढे जात नाही, इंजिन आणि गिअरबॉक्सचे तास मात्र वाढतात. एअर फिल्टरच्या डब्यात फिल्टरच्या पलीकडच्या, स्वच्छ बाजूला काळी धूळ दिसली तर ती टर्बोतून गेली आहे.

वर्धा_डिझेल

डिझेलबद्दल एक. गावाकडे ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल गाडीत टाकलेलं असू शकतं. त्यातलं पाणी आणि गंज कॉमन रेलचे इंजेक्टर आणि पंप खातात. लीक-ऑफ टेस्ट करून घ्या, चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडतात. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट भरलं तर तो इंजेक्टर गेला. गाडी घेतल्यावर डिझेल फिल्टर पहिल्या दिवशी बदला.

कूलंटची टाकी उघडून पाहा, इंजिन थंड असताना. गंजाचं तपकिरी पाणी असेल तर बोअरचं पाणी भरलेलं आहे. आपलं जड पाणी रेडिएटरमध्ये थर धरतं, आणि गिअरबॉक्सचं तेल त्याच कूलंटच्या भरवशावर थंड होत असतं. रेडिएटरच्या जाळीत वाळलेली काळी माती असेल तरी तेच. आणि वायरिंगला जागोजागी टेप दिसली तर उंदरांनी कुरतडलंय. गिअरबॉक्सची वायर कुरतडलेली गाडी लिंप मोडमध्ये जाते, एकाच गिअरमध्ये अडकते. लोक तिला गिअरबॉक्स गेला म्हणून विकून टाकतात.

दहाचा_पाना

तेलाचं मान्य, आधी पाहूनच ठरवा. एक सांगायचं राहिलं : ऑटोमॅटिक धक्का मारून सुरू होत नाही. बॅटरी चार वर्षांची असेल तर बदला, आणि जाड जंपर केबल डिकीत ठेवा. चिखलात अडकली तर ट्रॅक्टरने चिखलाबाहेर काढण्यापुरतीच ओढा, न्यूट्रलमध्ये. तशीच टोचन करून यवतमाळपर्यंत नेऊ नका. इंजिन बंद असताना आतला पंप फिरत नाही आणि प्लेट कोरड्या घासतात. क्रेटाला इंजिनाची ताकद पुढच्या चाकांवर येते, ती उचलूनच न्या, नाहीतर सपाट ट्रक बोलवा.