शेठच त्रास देतोय, आडतीवर माणसं मोजून सहा. तक्रार करायची कुणाकडे?

हिशेबनीस (सांगली)

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या आडतीवर टॅली, जीएसटी आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) मी बघते. शेठ सोडून आम्ही सहा जण. सौदे दुपारीच आटोपतात, पट्ट्या संध्याकाळपर्यंत चालतात. सगळे गेले की शेठला नेमकं माझ्याकडचंच खातं बघायचं असतं. खुर्चीमागे उभा राहून माउस हातात घेतो, म्हणजे माझ्या हातासकट. रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर 'झोपलीस का?' आणि पाच मिनिटांत डिलीट. गेल्या महिन्यात उचल मागितली तर म्हणाला, 'रविवारी गोडाऊनला ये, मग बघू.' गेले नाही. तेव्हापासून पट्टीत चुका काढून हमालांसमोर पाणउतारा चाललाय.

दिवाणजी काकांना सांगितलं. म्हणाले, 'शेठचा स्वभाव मोकळा आहे, मनाला लावून घेऊ नको.' हमालांनी मजुरी मागितली की तो मोकळा स्वभाव कुठे जातो कुणास ठाऊक.

मोठ्या कंपन्यांत समिती असते म्हणे. इथे समिती नेमणार तोच आणि त्रास देणाराही तोच. जायचं कुठे? आणि सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच उलटेल का? घरी फक्त आईला माहीत आहे.

मिरजकर

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. यार्डात सगळे एकमेकांना ओळखतात. तक्रार केलीत तर दुसऱ्या आडतीवर कोण ठेवून घेणार? गुपचूप दुसरीकडे बघा आणि सोडा. हे कायदे पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसांसाठी असतात.

बाहेरची सदस्य

दोन कारखान्यांच्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य आहे, म्हणून जरा सविस्तर.

मिरजकर, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा हा कायदा एसी ऑफिसातून आलेलाच नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि संसदेला कायदा करायला २०१३ उजाडलं. त्यात घरकाम करणाऱ्या बायकासुद्धा येतात. आडत तर येतेच.

ताई, दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तुमच्या बाबतीत दोन्ही लागू. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयात करा. तालुक्याला किंवा पालिकेत अशा तक्रारी घ्यायला नोडल अधिकारी असतो. त्याने तक्रार सात दिवसांत पुढे पाठवायची असते.

मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. 'रविवारी ये' ही तारीख आठवून आजच लिहून ठेवा. नकारानंतरचा पाणउताराही त्याच तक्रारीत घाला. कायद्यात तो छळाचाच भाग धरलाय. नोकरी सोडलीत तरी हक्क जात नाही.

उलटण्याची भीती सगळ्यांनाच असते. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असं कलम १४ मध्येच लिहिलंय. मुद्दाम खोटं रचलं होतं हे चौकशीत दिसावं लागतं. फौजदारी कोर्टासारखा संशयापलीकडचा पुरावाही इथे लागत नाही, कुणाचं म्हणणं जास्त पटतं ते बघतात. डिलीट केलेल्या मेसेजची खूण वेळेसकट फोनवर राहते, तिचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. आईला त्याच दिवशी सांगितलं असेल तर आई साक्षीदार.

आता कायद्याचं लंगडं अंग. सुपरवायझर दोषी निघाला तर कंपनी त्याला काढू शकते. शेठला कोण काढणार? समिती नुकसानभरपाई सुचवू शकते, त्यात मनस्ताप, बुडालेली संधी, औषधपाणी आणि त्याची ऐपत बघतात. त्याने नाही दिली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. कागदावर भक्कम आहे, पण वसुलीपर्यंत दम धरावा लागतो. म्हणून पोलिसांची वाट बंद समजू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ यासाठीच आहे आणि नकोसा स्पर्श व लगट असेल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात.

हिशेबनीस

नोडल अधिकारी हा शब्द मी आज पहिल्यांदा वाचला. यार्डात कुठे बोर्डही नाही. वकील करावा लागेल का? पगार चौदा हजार आहे, आणि गेल्या महिन्याचा त्याने अडवून धरलाय.

कराडची

अगं, मी या वाटेने जाऊन आलेय, जिल्हा वेगळा. वकील लागत नाही. समितीपुढे दोघांनाही वकील आणता येत नाही, त्यामुळे त्याचा पैसाही तिथे चालत नाही.

मी गेले तेव्हा टेबलावरचे साहेब म्हणाले, 'समितीची मुदत संपलीय, नवीन झाली की या.' मी हलले नाही. म्हटलं, समिती असो नसो, माझा अर्ज आवक करून घ्या. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का माझ्या प्रतीवर घेतला. पुढे तीन महिन्यांचा प्रश्न निघाला तेव्हा तोच शिक्का कामी आला. समिती नसणं ही त्यांची चूक, आपली नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२४च्या डिसेंबरात सगळ्या राज्यांना या कायद्याखालचे जिल्हा अधिकारी नेमायला तारखा घालून दिल्या होत्या, हे तिथे शांतपणे सांगायचं. आवाज चढवलास की साहेब जेवायला जातात.

माझ्या प्रकरणात समिती म्हणाली, समेट करा. समेट फक्त आपण मागितला तरच, आणि पैशांवर तर मुळीच नाही. 'मला चौकशी हवी' एवढं लेखी दे. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, माझी लांबली. मधल्या काळात तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, ती तुझ्या हक्काच्या रजेतून कापत नाहीत. अर्जातच मागून ठेव. अडवलेला पगारही लिही आणि सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज दे.

बाहेरची सदस्य

अर्जाच्या सहा प्रती लागतात, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. आणखी कुणा मुलीला त्याचा असाच त्रास झाला असेल, तर तिचं नाव तिला विचारूनच घाला. आणि जिल्ह्याचं, आडतीचं इथे लिहिलंत तेवढं पुरे, शेठचं नाव या धाग्यावर टाकू नका. असली प्रकरणं गोपनीय ठेवायची असतात, उद्या तोच मुद्दा तो पुढे करेल.

हिशेबनीस

मंगळवारी यार्डाला सुट्टी आहे, तेव्हा जाते. आई सोबत येतेय. सहा प्रती बाहेरच झेरॉक्स करेन, आडतीच्या मशीनवर नको.